कोणी आवळला हा बोल्ट?

राजापेठेतला आमचा मेकॅनिक कुठलीही गाडी उघडली की आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालायचा. त्या दिवशी माझ्या मोटरसायकलच्या ऑइलच्या बोल्टाचं डोकं झिजून गोल झालेलं होतं आणि पाना नुसताच फिरत होता.

"कोन्या गाढवानं आवळला हा?" तो खेकसला.

तासभर ताटकळून मीही तापलो होतो. "तुमीच त आवळला, दिवाळीत!"

पान्याला पकड मिळावी म्हणून बोल्टावर नट वेल्ड करून, दात-ओठ खात त्यानं तो काढला. मग ताडकन उठून वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकांवर ओरडला, "हा मीच खराब केला व्हता! माह्यावर भरोसा असन तरच थांबा!"

दोघं उठून गेले. त्यानं त्यांना अडवलं नाही.

मी बसून राहिलो.