तोंड फिरवलेले दगड

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, डोंगरावरच्या किल्ल्याचे गवंडी. एकतीस वर्षं तोच चढ आणि तोच तट. स्वभावाने घुमे, त्यामुळे त्यांच्यावर संशय घेणं फार सोपं. मीही घेतला, हे आधीच कबूल करते.

निमित्त झालं देखभालीवर आलेल्या नव्या साहेबांचं. मधला चौकोनी बुरूज आठशे वर्षांचा आणि बाहेरचा तट त्यानंतर शंभरेक वर्षांनी, एका वेढ्यात मार खाल्ल्यावर उभारलेला, हे सगळं त्यांना पाठ. पश्चिमेच्या तटाशी मात्र ते गोणपाटाचं टोक उचलून थबकले. खडबडीत, शेवाळलेल्या दगडांमध्ये तीस-चाळीस दगड कोरे करकरीत! शिवाय भाऊजींनी त्या भागावर दोन महिने गोणपाटं टाकून ठेवलेली, कुणाला जवळ फिरकू न देता. जुन्या घडीव दगडाला बाहेर गिऱ्हाईक असतंच. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. "जुने दगड कुठे गेले ते सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर तुमचं काम बंद."

ताईचा जीव टांगणीला लागला. "उद्या डबा घेऊन तू जा वर. काही काळंबेरं नाही ना, बघ."

"तुला वाटतं तसं?"

"वाटत नाही गं. पण ह्यांना मीठ हवं असलं तरी खूण करतात. मला काय कळणार आतलं?"

मी पोचले तेव्हा भाऊजी गोणपाटावर पाणी शिंपडत होते. मला बघताच त्यांनी उचललेलं टोक पटकन खाली सोडलं.

"काय लपवताय?"

"चुना. ऊन लागलं की तडकतो. तुझ्या ताईनं हेर पाठवलाय वाटतं?"

मी ओशाळले, पण नजर गोणपाटावरून हलली नाही. तेवढ्यात साहेबही धापा टाकत आले.

"एक दगड काढा. मागे काय आहे ते बघू."

"नाही काढणार. चुना ओला आहे, वरचे चार सरकतील."

"सोयीचं आहे बुवा तुमचं!"

माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं.

"दगड तेच आहेत, साहेब," भाऊजी म्हणाले. "बाहेरचं तोंड झिजलं, म्हणून फिरवले. झिजलेलं आत, आतलं कोरं बाहेर."

"कुठे लिहिलंय असं?"

"लिहिलं नाही. वडील करायचे."

मग भाऊजींनी बाण सोडायच्या उभ्या फटीकडे, जंगीकडे, बोट दाखवलं. तटाला दोन पदर असतात, मध्ये चुन्यात कालवलेली खडी. जंगीच्या बगलेतली भर अजून टाकायची होती. "इथून हात घाला. मागची बाजू लागेल."

आधी मी घातला. बोटांना खळगे लागले, मग कोरलेलं वर्तुळ आणि त्यात एक रेघ. जुन्या पाथरवटाची खूण!

"तुम्ही घरच्या. तुम्ही असंच म्हणणार," साहेब म्हणाले आणि बाही सारून त्यांनी स्वतः हात घातला. तो कोपरापर्यंत गेला आणि अडकला.

"आता दगड काढावा लागेल?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाही. मूठ सोडा. दगड पळून जात नाही."

हात सुटला. नखांत हिरवट, वाळकं शेवाळ भरलं होतं. साहेबांनी ते चिमटीत चुरडून उन्हात धरलं. "भिंतीच्या पोटात अंधारात शेवाळ धरत नाही," ते स्वतःशीच पुटपुटले. म्हणजे ते तोंड कधीकाळी बाहेर, उन्हापावसात होतं.

त्यांनी कागद काढून लिहिलं, 'दगड मूळचेच. काम चालू ठेवावे.'

"फिरवलेत, तेही लिहा," भाऊजी म्हणाले. "कुठले, किती, कुणी."

"ते कशाला?"

"पुढचा साहेबही तुमच्याइतकाच हुशार निघाला तर?"

साहेब हसले नाहीत, पण लिहू लागले. भाऊजी त्यांच्या खांद्यामागून एकेक ओळ वाचत होते. त्यांचा साहेबांवर अजून विश्वास बसला नव्हता.