आटलेल्या तलावातली जळू

ब्रह्मपुरीच्या मासळीबाजारात गोकुळाबाईशी घासाघीस करायला कोणी धजत नाही. नवरा गेल्यापासून तर तिची जीभ विळीहून धारदार झाली आहे. रोहू कापता कापता ती गिऱ्हाइकाला बेधडक विचारते, "संडासात रगत जाते का गा? डॉक्टरले दाखवलं का?" माणसं ओशाळतात, इकडेतिकडे बघतात. ती कशाला ओशाळेल? लाजेपायीच तिचं घर बसलं.

तिचा नवरा दादाजी ढिवर. छातीभर पाण्यात उभं राहून जाळं ओढण्यात त्याचा जन्म गेला. गावच्या तलावात जळवा उदंड, त्यामुळे कपड्यांवर रक्त दिसलं तरी कोणाला नवल नसे. धुणं धुताना गोकुळाबाईने विचारलं, की ठरलेलं उत्तर, "जळू लागली व." मग वैशाखात तलाव आटला, चिखलाला भेगा पडल्या, जाळी खुंटीला लागली. धुण्यात रक्त मात्र येतच राहिलं.

"तलाव आटला. आता जळू कुठून आली?" तिने विचारलं.

"मूळव्याध असंन," तो म्हणाला, आणि कोणाकोणाच्या औषधाच्या पुड्या खात बसला. जन्मभर लंगोटीवर चारचौघांत वावरलेला माणूस डॉक्टरसमोर जायला लाजला! अंग पार वाळल्यावर तो दवाखान्यात गेला, तोवर आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच आले असते तर आशा मोठी होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर बजावलं, बापाला झाला म्हणजे मुलानेही त्रास नसला तरी चाळिशीत आतडं दुर्बिणीने तपासून घ्यायचं.

मुलगा भूपेश चाळिशीला टेकलेला, आणि थेट बापावर गेलेला.

"मले काईच होऊन नाई राह्यलं, माय. उगाच तिकडून नळी कायले घालून घेऊ?"

गोकुळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक पोरगा उरला होता, तोही असा लाजून मरणार? त्यांच्या घरात पुरुषांनी मासळी धरायची आणि बायांनी विकायची, हा पिढ्यांचा रिवाज. "तपासून येशीन तवाच मासळी विकीन," म्हणत तिने आपलं टोपलं अंगणात पालथं घातलं. सून रीतानेही मुकाट्याने आपलं टोपलं शेजारी पालथं केलं. भूपेश स्वतःच मासळी घेऊन बाजारात बसला. बायांनी त्याची इतकी टर उडवली, की दुपारी निम्मा माल तसाच घेऊन तो घरी आला. तोवर मासळीला वास सुटला होता.

"मासळी सडली तं वास येते," गोकुळाबाई म्हणाली. "तुह्या बापाचं आतडं सडलं, तं घरात कोनाले पत्ता नाई लागला."

त्याच आठवड्यात भूपेश रीताला घेऊन तपासणीला गेला. गोकुळाबाईही मागोमाग गेलीच.

आतड्यात बोराच्या बीएवढी गाठ निघाली. दुखत नव्हती, रक्त येत नव्हतं. अशीच गाठ राहिली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतूनच ती काढून टाकली. गुंगी उतरल्यावर भूपेश हसला. "एवढीशीच होती, माय."

गोकुळाबाई हसली नाही.

"तुह्या बापाची बी एका काळी एवढीशीच असंन," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून रागारागानेच रडली.