पिवळे अंगठे

"हात वर कर. दोन्ही. सगळ्यांना दिसू दे."

मी उभी राहिले. हात वर केले. परीक्षेचा हॉल भरलेला, उन्हाळा लागलेला, वरचा पंखा नुसता कुरकुर करून राहिला होता. सुपरवायझर मॅडमनी माझी उत्तरपत्रिका दोन बोटांनी कोपऱ्याला धरली होती, मेलेला उंदीर धरतात तशी.

"काय गं, हळदीच्या मांडवातून उठून आलीस का?"

हॉल हसला. शेजारचा पोरगा पण हसला. त्याला वर्षभर नोट्स मी दिल्या. मेल्या, घसारा कसा काढायचा ते तुला शिकवलं कोणी?

अकौंट्सचा पेपर होता. एम.कॉम.चं शेवटचं वर्ष. विद्यापीठ एवढं मोठं की माणूस हरवला तर सापडू नये. त्या दिवशी मी मात्र बराबर सापडले.

सांगते काय झालं ते. आमचा लमाणांचा तांडा सेनगावकडं. जमीन थोडी, त्यात दगडच जास्त. हळदीच्या दिवसात आमी सगळे वसमतकडं कामाला जातो. कुरुंदा, हट्टा, जिथं बोलावतील तिथं. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, मग ढोलात घालून पॉलिश करायची. ढोल फिरला की पिवळा धुरळा उठतो. नाकात, डोळ्यात, केसात, नखात. माझी फी, माझी खानावळ त्यातूनच. पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत मी याडीसंगं, म्हणजे आईसंगं, त्या ढोलापाशीच होते. एसटी धरायच्या आधी हात घासले. साबण लावला की हळद लाल होते, हे ज्यानं हात घासले त्यालाच ठाऊक. राखेनं घासले, लिंबानं घासले. न्हाई गेली.

दुसरा एखादा पेपर असता तर निभलं असतं. अकौंट्सला डाव्या हातानं पट्टी दाबून धरावी लागते. पानापानावर रकाने आखायचे असतात. घाम सुटला, आणि जिथं जिथं पट्टी दाबली तिथं तिथं अंगठा उमटला. माझं लक्षच न्हवतं. मी ताळेबंदात बुडालेली. दोन्ही बाजू जुळल्या, खाली दुहेरी रेघ मारली, आणि असा आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात मॅडम आल्या.

नियम आहे. उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण करायची न्हाई. पेपर कोणाचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. आणि माझ्या तर पानापानावर अंगठा. पेपर काढून घेतला. चौकशीला बोलावलं.

घरी बाचं सरळ सांगणं होतं, "यंदा पास झालीस तर नोकरी बघ. न्हाईतर उन्हाळ्यात लगीन." पोरगं बघून ठेवलेलं. म्हणून मॅडमचा विनोद मला हसण्यावारी नेता आला न्हाई. पेपर गेला तर खरंच दारात मांडव उभा राहणार होता.

चौकशीच्या खोलीत एसी होता. टेबलापलीकडं दोन सर बसलेले. एक थोरले, एक तरणे.

"गाव?" थोरल्यांनी विचारलं.

"तांडा आहे सर. सेनगाव तालुका."

"अच्छा. तांडा." त्यांनी तरण्या सरांकडं बघितलं. "मग खाणाखुणा चांगल्याच जमत असतील."

मी गिळलं. सगळं सांगितलं. ढोल, धुरळा, घाम, पट्टी. हात पुढं करून दाखवले तर थोरल्या सरांनी खुर्ची मागं घेतली. काहून घेतली? मी काय चावणार होते?

"हे बघ मुली, मला हळद शिकवू नकोस. वसमतला आमची स्वतःची हळद आहे. दरवर्षी असते. माझे हात कधी पिवळे झालेत का?"

त्यांनी हात टेबलावर ठेवले. मऊ, स्वच्छ, बोटात अंगठी.

मी त्या हातांकडं बघत राहिले. तोवर मला लाज वाटत होती, खरं सांगते. हॉल हसला तेव्हा लाज. राखेनं घासताना लाज. सुट्टीत कुठं गेली होतीस, असं वर्गात कोणी विचारलं तर मी म्हणायची, मावशीकडं. ते हात बघितले आणि लाज कुठल्या कुठं गेली. राग आला. असा राग की कानशिलं तापली.

तरण्या सरांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलेलं: मी मुद्दाम खूण केली, मला पश्चात्ताप झाला आहे, माफी असावी. "सही कर. पहिलीच वेळ म्हणून समज देऊन सोडतो, पेपर तपासायला जाईल. नाहीतर सगळी परीक्षा रद्द. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

पेन हातात घेतला. डोळ्यापुढं बा आला, मांडव आला. सही केली की सुटले.

मग याडी आठवली. ती शिकलेली न्हाई. रेशनचा कागद असो की मुकादमाचा, दुसऱ्यानं लिहायचं आणि तिनं अंगठा लावायचा. आत काय लिहिलंय ते कोणी तिला वाचून दाखवलं न्हाई. मला तर वाचता येत होतं. वाचता येऊनही खोट्यावर सही करायची, तर मग शिकले काहून?

मी पेन खाली ठेवला.

"सर, तुमचे हात पिवळे होत न्हाईत, कारण तुमची हळद आमी काढतो."

थोरले तरण्यांकडं वळले. "उद्धट आहे. रद्द करा."

रद्द केली. अख्खी परीक्षा.

याडीला सांगायला गेले तर ती ढोलापाशीच होती. म्हणाली, "सही करायची होतीस बाई. एवढंसं तर काम." मग पुढची हळद ढोलात घालायला लागली. बा माझ्याशी अजून बोलत न्हाई. लगीन मी मोडलं, त्या पोराच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं. तांड्यात लोक म्हणून राहिले, शिकून पोरगी बिघडली. म्हणू द्या.

अपील केलंय. उत्तर न्हाई. येवो न येवो, मी परीक्षेचा फॉर्म परत भरलाय. तोच पेपर, तेच हळदीचे दिवस. फीसाठी ढोलापाशी जाणारच, हात पिवळे होणारच. पण आता राख लावणार न्हाई, लिंबू चोळणार न्हाई. हॉलमध्ये गेले की कोणी म्हणायच्या आधी मीच उभी राहणार. दोन्ही हात वर धरणार. सुपरवायझरला सांगणार, "बघून घ्या. हळद आहे. कागदावर उमटणार. आत्ताच लिहून घ्या, आणि खाली तुमची सही करा."

मग बसणार, आणि पट्टी दाबून धरणार.