चौदावी पायरी

सिंगापूरमध्ये तुआसच्या एका कारखान्यात मी यंत्रं चालवण्याच्या पुस्तिका लिहायचे. अकरा वर्षं नेहमीच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये लिहिल्या. मध्ये एक चित्र घातलं की पुढची वीस पानं विस्कटायची आणि ती सावरण्यात दिवस जायचा. एका शनिवारी चोआ चू कांग भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तेच करत बसले होते. युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी इथल्या ढंगात म्हणाली, "आई, बघूनच दमले मी. लाटेक वापर ना. फ्री आहे लाह."

"या वयात नवीन शिकू?"

"तुझ्याच वयाचं आहे ते."

लाटेकमध्ये लिहिताना पान दिसत नाही. साधा मजकूर टाइप करायचा, मथळा कुठला आणि पायरी कुठली ते खुणांनी सांगायचं, मग आज्ञा दिली की मांडलेलं पान तयार होतं. एक कंस राहून गेला तर काहीच तयार होत नाही. पहिले दोन शनिवार मी फक्त चुकांचे संदेश वाचले. तिसऱ्या शनिवारी एक पान आलं. त्यातली एक गोष्ट मला पटली. 'अमुक पायरी पाहा' असं लिहिताना आकडा हाताने घालायचा नाही. प्रत्येक पायरीला नाव द्यायचं, आकडा ते स्वतः मोजून घालतं. नाव सापडलं नाही तर तिथे दोन प्रश्नचिन्हं छापतं.

त्याच महिन्यात कारखान्यात अपघात झाला. गरम पाण्याच्या एका टाकीचं झाकण दाब असतानाच उघडलं गेलं. झाकणापाशी उभ्या असलेल्या बिहारच्या कामगाराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आमच्याकडे तमिळ, बंगाली, हिंदी, चिनी बोलणारी माणसं एकत्र काम करतात, त्यामुळे बटणांच्या पॅनलपाशी उभा असलेला माणूस पायऱ्यांचे फक्त इंग्रजी आकडे ओरडतो. टाकीपाशी उभा असलेला ते ऐकतो आणि समोर टांगलेल्या, पुस्तिकेतूनच छापलेल्या कार्डावरचे आकडे आणि चित्रं पाहून वागतो. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की कामगाराने पायरी पंधरा आणि सोळा होण्याआधीच झाकण उघडलं, चूक त्याची. तो वर्क परमिटवर होता, त्यावर काम असेपर्यंतच इथे राहता येतं. या शेऱ्यासह परत गेला असता, तर इथे पुन्हा काम मिळणं कठीण होतं.

मी अहवाल वाचला आणि बाजूला ठेवला. अशी घाई लोक करतात, असंच मलाही वाटलं.

पुढच्या शनिवारी त्याच टाकीची पुस्तिका लाटेकमध्ये आणायला घेतली. पायऱ्यांना नावं देत झाकणाच्या कार्डापर्यंत आले. तिथे वाक्य होतं, 'पायरी १४ पूर्ण झाल्यावर झाकणाचे बोल्ट सैल करा.' आकड्याच्या जागी नाव घालायचं, म्हणून चौदावी कोणती ते पाहिलं. चौदावी होती 'पंप बंद करा'. दाब शून्यावर आल्याची खात्री करायची पायरी सोळावी होती.

जुनी फाइल उघडली. तिच्यात दाबाची पायरी चौदावीच होती. वर्षभरापूर्वी सुरक्षा विभागाने सुरुवातीला दोन पायऱ्या वाढवायला सांगितल्या होत्या, हातमोजे आणि स्विचला कुलूप. यादीतले आकडे आपोआप पुढे सरकले. कार्डावरचा आकडा मी हाताने लिहिला होता. तो तसाच राहिला.

म्हणजे पॅनलवरून 'फोर्टीन डन' ऐकू आलं आणि त्याने मी लिहिलं होतं तेच केलं.

सोमवारी दोन्ही पानं घेऊन मॅनेजरकडे गेले. त्याने ती नीट वाचली, मग दार लावलं.

"नवीन पुस्तिकेत दुरुस्त कर."

"अहवालाचं काय?"

"तो बंद झालाय. तू पुस्तिका लिहितेस की वकिली करतेस?"

मला पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळून नऊ वर्षं झाली होती. नोकरी गेली तरी देश सोडावा लागणार नव्हता. नोकरीपुरताच मिळणारा एम्प्लॉयमेंट पास असता तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

लाटेकमध्ये मी पूर्ण केलेला पहिला कागद म्हणजे सरकारी तपास अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र. दीड पान, खाली जुनी आणि नवी यादी शेजारी शेजारी. चूक कोणाची, ते पहिल्याच वाक्यात लिहिलं. प्रश्नचिन्हं कुठेही आली नाहीत. पत्र पाठवलं. नोकरीचा करार संपत आला होता, तो कंपनीने वाढवला नाही.

रविवारी कामगारांच्या वसतिगृहावर जाऊन त्याला भेटले. तो साधारण माझ्याच वयाचा होता. दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. उजव्या हाताला बोटांपर्यंत पट्टी होती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, हमने चौदा सुनके ही खोला था."

"मालूम है. कार्ड गलत था. मैंने लिखा था."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"आपका हाथ तो ठीक है ना?"

मी पत्राची प्रत पुढे केली आणि त्यात काय लिहिलंय ते हिंदीत सांगितलं. आता काय होईल, असं त्याने विचारलं. माहीत नाही म्हणाले. ते खरंच होतं.

"ये कागज पे लिखा है? कि हमारी गलती नहीं?"

"लिखा है. पहली लाइन में."

ती ओळ त्याने मला दाखवायला लावली. इंग्रजी वाचता येत नसूनही तिच्यावरून एकदा डाव्या हाताचं बोट फिरवलं. मग कागद घडी करायचा प्रयत्न केला, एका हाताने जमेना. शेवटी शर्टाचा खिसा पुढे करून म्हणाला, "आप ही रख दीजिए."

मी घडी घातली आणि ठेवला.