नवा रेसिंग सीझन आणि आमच्या भिंतीवरची दोन कॅलेंडरं

मित्रहो, मोटार रेसिंगचा नवा सीझन पंधरा दिवसांवर आला. आज सकाळी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या घरी मी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर जगभरातल्या शर्यतींच्या तारखा लिहून राहिलो होतो.

वर माझ्या लाडक्या ड्रायव्हरचं नाव लिहिलं आणि रागानं खोडलं. इतकी वर्षं एका टीमसाठी गाडी चालवली, अन् यंदा गेला दुसऱ्याच टीमकडे. गद्दार!

माझे आजोबा, म्हणजे आबा, बाजूलाच संत्रं सोलत बसले होते. "काऊन रे, काय खोडून राहिला?"

मी सगळं सांगितलं.

"त्याले विचारून टीम बदलली का?"

"हो, त्यानंच सही केली."

"मंग नशीबवान आहे तो. मी शाळेत होतो तवा नागपूर आपली राजधानी होती. राज्यं नव्यानं आखली, अन् नागपूर गेलं दुसऱ्या राज्यात. आपण राह्यलो इथंच. मामाचं गाव तिकडं, आपलं इकडं. आमाले कोणं विचारलं?"

"मग तुम्ही कोणत्या टीमचे, आबा?"

आबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं मराठीच्या शेजारी हिंदी कॅलेंडरही असतं. "हे सण पाहाले, ते सरकारी सुट्ट्या पाहाले. दरसाल दोन्ही मीच टांगतो."

मी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. दोन्ही कॅलेंडरांवर.

खरं सांगा, तुमची टीम तुम्ही स्वतः निवडली होती का?