रक्तदात्यांच्या यादीतला माझा फोटो

मंडळी, सकाळचा संताप अजून उतरलेला नाही.

कराडच्या दवाखान्यात एका बाळंतिणीला तातडीनं रक्त हवं होतं. मी अध्यक्ष असलेल्या मंडळाची रक्तदात्यांची यादी तिथल्या कॉम्प्युटरवर फ्लॉपीतून उघडायला गेलो, तर जिच्याशिवाय प्रोग्राम सुरूच होत नाही ती रनटाइम फाइलच फ्लॉपीत नाही!

प्रोग्राम लिहिणाऱ्या सुहासला सांगलीला फोन लावला.

“आवं सर, माझ्या मशीनवर झटक्यात चालतंय.”

“मग बाळंतिणीला तुझ्या घरी आणू काय रं? ती फाइल सोबत का नाही दिलीस?”

“फ्लॉपीत जागा उरली न्हाई. अध्यक्षांचा मोठा फोटो पाहिजेच, असं तुमीच म्हणाला हुता.”

शेवटी तिचा दीर पेठेत ओरडत फिरला, तेव्हा दाता मिळाला.

ती वाचली. फोटो मी काढून टाकला. तुमच्या फ्लॉपीत कोण जागा अडवून बसलंय?