राक्षस मेला नाही

लाकडी तलवार कानशिलावर बसली आणि माझ्या तोंडात रक्त आलं. खरं रक्त. समोर राजाच्या वेषात धाकटा खोत उभा. तो ओरडला, "पयलां तुझ्या आवशीक इचार, तुझो बापूस कोण तो." देवळापुढे बसलेलं गाव खदाखदा हसलं.

जत्रेतला आमच्या गावचा दशावतार होता. धाकटा खोत राजा, कारण तो खोताचा मुलगा. त्याला राक्षस कोण करणार? राक्षस मी.

दशावतारात लिहिलेलं काही नसतं. कथा ठरते, तोंडाला रंग लागतो, पुढचं ज्याने त्याने उभ्या उभ्या बोलायचं. लिहिलेल्या नाटकातली शिवी लिहिणाऱ्याची. इथली शिवी बोलणाऱ्याची स्वतःची. तोवर धाकटा खोत 'दुष्टा, अधमा' अशी पुराणातली मराठी झाडत होता. पण युद्धात मी त्याला मागे रेटलं, लोकांनी मला दाद दिली, आणि त्याच्या पोटातलं ओठावर आलं.

माझी आई पुढेच बसली होती. मी पाळण्यात असताना बाप गेला. खोतांच्या गोठ्यातलं शेण काढून तिने मला वाढवलं. लोक हसले तसा तिने पदर तोंडावर ओढला. ते पाहून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शिव्या मलाही येत होत्या. त्याच्या आईवरून एक जिभेवर आलीसुद्धा. पण ती खोतीणही बायकांत बसली होती, आणि मुलाचं बोलणं ऐकून तिने मान खाली घातली होती. तिने माझं काय वाकडं केलं होतं? मी शिवी गिळली. मग त्याची तलवार हिसकून गुडघ्यावर मोडली, मानेला धरून त्याला मातीत पालथा पाडला आणि पाठीवर गुडघा रोवला. साथीची पायपेटी वाजायची थांबली.

देवळाचे मानकरी धावले. देवाच्या दारात राक्षस जिवंत उरला तर गावावर अरिष्ट येतं, अशी समजूत. थोरले मानकरी म्हणाले, "पड रे मेल्या. राक्षस मराक होयो."

"मी मराचंय नाय," मी म्हणालो.

खोताच्या गड्यांनी मला काठ्यांनी फोडून काढलं. हात मोडला. मी पडलो. पण मेल्याचं सोंग घेतलं नाही. डोळे सताड उघडे ठेवले, मारणारा एकेक चेहरा बघत राहिलो.

सकाळी खोतांचा निरोप आला, पाया पडून माफी माग, नाहीतर आईचं काम बंद. आईने निरोप्याला उंबऱ्याबाहेरच उभा केला. शेण त्यांचं त्यांनी काढावं, म्हणाली.

शिव्या मी आजही देतो. कुणाच्या आईबहिणीला त्यात ओढत नाही. ज्याने केलं त्याच्या करणीवरून देतो, त्याचं नाव घेऊन, चारचौघांत, त्याच्या तोंडावर. आणि कुणा खोताच्या मानासाठी मी मरून पडणार नाही. खोटं खोटंसुद्धा नाही.